दिसल्याशिवाय मोजणार कोण?

११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुरेशकुमार कौशल खटल्याचा निकाल दिला आणि समलिंगी संबंध देशात पुन्हा गुन्हा ठरले. सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या, खासगी संबंधांपुरते भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये निष्प्रभ केले होते; तो निकाल रद्द झाला. निकालपत्रात कायद्याचा बराच खल आहे. पण त्यातली दोन विधाने कायद्यापेक्षा हिशेबाची आहेत. पहिले असे की गे, लेस्बियन, बायसेक्शुअल आणि तृतीयपंथी माणसे म्हणजे लोकसंख्येचा अगदी नगण्य अंश. दुसरे असे की दीडशेहून अधिक वर्षांत या कलमाखाली दोनशेहूनही कमी लोकांवर खटले चालले. थोड्या माणसांचा प्रश्न आणि क्वचित वापरलेले कलम, मग घटनेने त्यात एवढे लक्ष का घालावे, असा त्याचा रोख. हे लिखाण त्या हिशेबाविषयी आहे. या माणसांच्या ‘प्राइड’ पदयात्रेतले इंद्रधनुष्यी झेंडे आणि रंगवलेले चेहरे पाहून ‘हे मिरवणे कशाला?’ असे विचारणारे आणि ‘तुम्ही आहातच किती?’ असे विचारणारे बहुधा एकच असतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात आहे, हे मात्र त्यांच्या ध्यानात येत नाही.

आधी त्या दोनशेच्या आकड्याकडे पाहू. तो छापील निकालांमधून काढलेला आहे, म्हणजे बहुतांशी वरच्या न्यायालयांपर्यंत पोहोचलेल्या प्रकरणांमधून. पोलीस चौकीतच ‘मिटवलेली’ प्रकरणे, बागेत किंवा स्टेशनच्या मुतारीत धरून घड्याळ-पाकीट काढून घेतलेली माणसे, घरी कळवण्याच्या धमकीवर महिनोन्‌महिने वसूल केलेले हप्ते यांची नोंद कुठल्याच निकालात सापडायची नाही. या कलमाचे खरे काम शिक्षा देण्याचे नव्हते, धाक दाखवण्याचे होते, आणि धाक जितका पक्का तितके खटले कमी. लुटला गेलेला माणूस तक्रार करायला गेला तर तक्रारीच्या पहिल्याच वाक्यात त्याला स्वतःचा गुन्हा कबूल करावा लागे. जुलै २००१ मध्ये लखनौ पोलिसांनी एचआयव्ही प्रतिबंधाचे काम करणाऱ्या संस्थांच्या कार्यालयांवर छापे घातले, माहितीपर साहित्य अश्लील म्हणून जप्त केले आणि चार कार्यकर्त्यांना दीड महिन्याहून अधिक काळ तुरुंगात ठेवले. आरोपांत ३७७ होतेच. निरोध वाटणे आणि रोगाची माहिती देणे हे त्यांचे काम होते. क्वचित वापरल्या जाणाऱ्या कलमाची पोहोच ही अशी होती.

आता ‘नगण्य अंश’. याच खटल्यात २०१२ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने न्यायालयापुढे अंदाज ठेवला होता की देशात पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष सुमारे २५ लाख आहेत आणि त्यांतले सुमारे सात टक्के एचआयव्हीबाधित आहेत. हा अंदाज एड्स नियंत्रणाच्या गरजेतून निघालेला होता. स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रिया त्यात नव्हत्याच, कारण रोगाच्या वहीत त्यांना रकाना नव्हता. सरकारला ही माणसे दिसली ती रोगी म्हणून किंवा रोगाची शक्यता म्हणून. त्याआधी ती दिसली होती आरोपी म्हणून. आपणहून, आपल्या नावाने समोर येण्याची वाट बंद असेल तर माणूस दुसऱ्याच्या यादीतच दिसतो, आणि ती यादी कशासाठी केली आहे यावर त्याची संख्याही ठरते आणि प्रतिमाही.

इथे या समूहाचे एक वेगळेपण लक्षात घेतले पाहिजे. जातीने किंवा धर्माने अल्पसंख्य असलेले मूल आपल्यासारख्यांच्या घरात जन्मते. आईबापांनी तोच अपमान सोसलेला असतो, वस्तीत तीच भाषा असते, लढ्याचा वारसा कानांवर पडतो. समलिंगी मूल बहुतेक वेळा अशा घरात जन्मते जिथे त्याच्यासारखे कोणी नाही, निदान कोणी आहे असे त्याला कोणी सांगितलेले नाही. आडनावावरून ओळख पटत नाही, आळी नाही, जत्रा नाही. देशभर प्रत्येक जातीत, प्रत्येक तालुक्यात विखुरलेली ही माणसे गप्प बसली तर समाजाला तर दिसत नाहीतच, एकमेकांनाही दिसत नाहीत, आणि जो तो समजतो की जगात असा मी एकटाच. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये मुंबईतून ‘बॉम्बे दोस्त’ सुरू केले, ते नियतकालिक बातम्या देण्याइतकेच हा एकटेपणा फोडण्यासाठी होते. दलितांच्या किंवा कामगारांच्या मोर्चात समूह आधी असतो आणि मोर्चा मागून निघतो. इथे पुष्कळदा उलटे झाले: पदयात्रा निघाली म्हणून समूह आहे हे कळले.

कोलकात्यात २ जुलै १९९९ रोजी ‘फ्रेंडशिप वॉक’ निघाला, तेव्हा पिवळे टी-शर्ट घातलेले जेमतेम पंधराएक जण चालले. भारतातली पहिली प्राइड यात्रा म्हणून आज तिचा उल्लेख होतो. पुढे नऊ वर्षांनी, २९ जून २००८ ला, दिल्ली, बंगळूर आणि कोलकाता या तीन शहरांत एकाच दिवशी पदयात्रा निघाल्या. दिल्लीतल्या यात्रेत मुखवटे वाटले गेले होते. चालायचे आहे पण ओळखले जायचे नाही, अशांसाठी. ज्यांना हा विरोधाभास वाटतो त्यांनी जरा थांबावे. मुखवटा घातलेला माणूस स्वतःचे नाव राखून ठेवतो आणि तरी मोजणीत स्वतःला धरायला लावतो. तेवढेही करायला त्या दिवशी धैर्य लागत होते.

पहिला आक्षेप इथेच येतो: हे सगळे पाश्चात्त्य खूळ आहे. त्यात थोडे तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. २८ जून १९६९ च्या पहाटे न्यूयॉर्कच्या ‘स्टोनवॉल इन’ या बारवर पोलिसांचा छापा पडला, गिऱ्हाइकांनी प्रतिकार केला, वर्षभराने त्याच तारखेला मोर्चा निघाला आणि तिथून ही प्रथा जगभर गेली. झेंडा १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गिल्बर्ट बेकर यांनी तयार केला. रूप बाहेरचे आहे हे मान्य. पण कामगार संघटना, वर्तमानपत्र आणि संसद यांचेही रूप बाहेरचेच आहे. त्यांच्यातून मांडलेली दुःखे इथली होती. आणि रूपाचेच म्हणाल तर कलम ३७७ कुठले? मेकॉलेच्या विधी आयोगाने १८३७ मध्ये दंड संहितेचा मसुदा केला, १८६० मध्ये संहिता मंजूर झाली आणि १८६२ पासून लागू झाली. मुंबईतल्या संयोजकांना हा धागा बरोबर सापडला होता. १६ ऑगस्ट २००८ ला, स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी, ‘क्वीअर आझादी’ यात्रा ऑगस्ट क्रांती मैदानातून निघाली. ‘चले जाव’च्या त्या मैदानावरून त्यांनी ब्रिटिश सरकारने या कायद्याबद्दल माफी मागावी, अशी मागणी केली. माफी नाही, पण एप्रिल २०१८ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांनी राष्ट्रकुल देशांपुढे बोलताना अशा कायद्यांबद्दल खेद व्यक्त केला.

या आक्षेपाला खजुराहोच्या शिल्पांनी उत्तर देण्याची पद्धत आहे. मला ती फारशी पटत नाही. हजार वर्षांपूर्वी कोणी काय कोरले यावर आजच्या माणसाचा हक्क अवलंबून ठेवला, तर उद्या कोणी दुसरे शिल्प, दुसरा श्लोक पुढे करील. त्यापेक्षा जवळचा आणि मराठी पुरावा आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा जो खटला झाला तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून, आणि त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. कर्वे यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ते खटला हरले, कर्वे यांना दंड झाला. पण आपल्यापुरता मुद्दा एवढाच की १९३४ साली, स्टोनवॉलच्या पस्तीस वर्षे आधी, हा प्रश्न मराठी मासिकाच्या टपालातून येत होता. विचारणारे होते. मोर्चा नव्हता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो घेणारे पुष्कळदा भली माणसे असतात. ते म्हणतात, घराच्या चार भिंतींत कोणी काय करावे याला आमची हरकत नाही. पण खासगी गोष्ट रस्त्यावर कशाला? याला एक सोपे उत्तर आहे की स्त्री-पुरुषांचे प्रेम तरी कुठे खासगी असते. आपल्याकडे ते छापील पत्रिकेने जाहीर होते, बँड लावून रस्त्यावरून जाते, गळ्यातल्या मंगळसूत्राने रोज सांगितले जाते. ती जाहिरात इतकी सवयीची आहे की ती जाहिरात वाटत नाही. पण खरे उत्तर याहून गंभीर आहे. ‘गप्प राहा, आम्ही त्रास देणार नाही’ हा करार या माणसांशी समाजाने कधी पाळलेलाच नाही.

डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांचे उदाहरण घ्या. नागपूरकडचे हे मराठी कवी आणि प्राध्यापक अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत आणि आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. ‘पायाखालची हिरवळ’ हा त्यांचा कवितासंग्रह. ते कुठल्या पदयात्रेत गेले नव्हते, त्यांनी काही जाहीर केले नव्हते. वर सांगितलेला करार त्यांनी अक्षरशः पाळला होता. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री काही जण कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले आणि दुसऱ्या पुरुषाबरोबर असताना त्यांचे चित्रण केले. विद्यापीठाने कारवाई केली ती घुसलेल्यांवर नाही, प्राध्यापकांवर. त्यांना निलंबित केले गेले. तारीख नीट पाहावी. दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालाला सात महिने झाले होते, म्हणजे कायद्याचे म्हणाल तर वारा त्यांच्या बाजूने वाहत होता. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगितीही दिली. ७ एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले.

चार भिंतींचा सल्ला देणाऱ्यांनी या प्रकरणाचा हिशेब द्यायला हवा. खासगीपणा हा हक्क असेल तर तो न्यायालयात सांगता येतो आणि मोडला तर दाद मागता येते. पण लपवणूक म्हणजे खासगीपणा नव्हे. लपवणाऱ्याच्या हातात काही नसते, ते दुसऱ्याच्या मुठीत असते. ती मूठ केव्हा उघडायची हे कॅमेरेवाला ठरवतो, पोलीस ठरवतो, घरमालक ठरवतो. जो आधीच उघड आहे त्याला उघडे पाडण्याची धमकी देता येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत समलिंगी लोकप्रतिनिधी हार्वी मिल्क १९७८ मध्ये आपल्या लोकांना घरच्यांना, शेजाऱ्यांना, सोबत काम करणाऱ्यांना सांगून टाका म्हणत होते, त्यामागे हे राजकीय गणित होते. समलिंगी शिक्षकांना शाळांतून काढण्याचा कॅलिफोर्नियातला प्रस्ताव त्याच नोव्हेंबरात मतदारांनी फेटाळला, आणि महिना संपायच्या आत मिल्क यांचा खून झाला. दिसण्याची किंमत नाही असे म्हणायचे नाही. मुंबईत डिसेंबर १९९८ मध्ये शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी ‘फायर’ चित्रपट चालू असलेले चित्रपटगृह फोडले, तेही दोन स्त्रियांचे प्रेम पडद्यावर दिसले म्हणून. पण आठवडाभरातच दिल्लीत रीगल चित्रपटगृहासमोर ‘भारतीय आणि लेस्बियन’ असे लिहिलेले फलक हातात घेऊन स्त्रिया उभ्या राहिल्या. चित्रपट काही महिन्यांत पुन्हा प्रदर्शित झाला.

पण मग दिसले की झाले का? इथे माझ्या युक्तिवादाला सर्वांत मोठा अडथळा येतो, आणि तो तृतीयपंथी समाजाचा. हिजडे शतकानुशतके दिसतच आले आहेत: बाळाच्या बारशाला, सिग्नलवर, लोकलच्या डब्यात. दिसण्याने मान्यता येत असती तर ती त्यांना सर्वांत आधी मिळायला हवी होती. प्रत्यक्षात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात त्यांच्यासाठी स्वतंत्र भाग होता. संशयितांच्या नावांचे आणि मालमत्तेचे रजिस्टर ठेवायचे, स्त्रीवेषात सार्वजनिक ठिकाणी दिसल्यास किंवा नाचल्यास शिक्षा करायची. सरकारने त्यांना अतिशय बारकाईने पाहिले, आणि ते पाहणे पाळतीचे होते. म्हणून नुसते दिसणे पुरत नाही. नोंद कोणाच्या हाताने आणि कशासाठी होते हे ठरते तेव्हा निकाल बदलतो. १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने लिंगओळख ज्याची त्याने ठरवायची असे म्हटले, तेव्हा लेखणी प्रथमच त्यांच्या हातात आली. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी या खटल्यात होत्या. पण तृतीयपंथी व्यक्तींविषयीच्या २०१९ च्या कायद्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्राची अट घातली आणि लेखणी पुन्हा कचेरीत गेली, ही तक्रार त्या समाजाने रस्त्यावर येऊन मांडली.

याच अडथळ्याची दुसरी बाजू पुण्यात दिसली. बिंदुमाधव खिरे यांच्या समपथिक ट्रस्टने २०११ मध्ये तिथे पहिली पदयात्रा काढली. पुढे सहभागींनी साधे, सभ्य कपडे घालावेत या अपेक्षेवरून वाद झाला. संयोजकांची भूमिका समजण्यासारखी आहे: आम्ही तुमच्यासारखेच आहोत हे पुणेकरांना पटवायचे असेल तर भडकपणा आड येतो. तरी मला ती अपुरी वाटते. ज्याला चारचौघांसारखे दिसणे जमते तो बिनयात्रेचाही निभावून नेतो. मार खातो तो चालीवरून, आवाजावरून, साडीवरून ओळखू येणारा. त्याला मागच्या रांगेत लोटून मिळवलेली मान्यता वेगळेपणाला नसून सारखेपणाला मिळालेली असते.

एवढे करून माणसांची मते बदलतात का? अमेरिकेत गॅलपच्या पाहण्यांत समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारे १९९६ मध्ये २७ टक्के होते, २०२३ मध्ये ७१ टक्के. याचे श्रेय एकट्या पदयात्रांना देता येणार नाही. मालिका, न्यायालये, पिढ्यांचा बदल सगळे त्यात आले. अधिक नेमका पुरावा फ्लोरिडातल्या प्रयोगाचा आहे. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला यांनी २०१६ मध्ये ‘सायन्स’मध्ये तो प्रसिद्ध केला. मायामीत कार्यकर्ते दारोदार गेले, ट्रान्सजेंडर व्यक्तींविषयी दहाएक मिनिटे बोलले, ऐकणाऱ्याला स्वतःचा वेगळे ठरवले गेल्याचा अनुभव आठवायला लावला. पूर्वग्रह घटला आणि तीन महिन्यांनीही घटलेलाच होता. मजेची गोष्ट अशी की बोलणारा स्वतः ट्रान्सजेंडर असो वा नसो, परिणाम दोन्हीकडे दिसला. म्हणजे काम करतो तो संवाद. पदयात्रा स्वतः मन वळवत नाही, असे म्हणायला माझी हरकत नाही. ती फक्त घराघरांत विषय निघेल एवढी सोय करते. संध्याकाळच्या बातम्यांत यात्रा दिसते, जेवताना कोणी काही बोलतो, आणि ताटावर बसलेला मुलगा ऐकतो की घरात कोण काय म्हणाले.

न्यायालयातला बदल अधिक स्पष्ट मोजता येतो. कलम ३७७ विरुद्धची २००१ ची याचिका नाझ फाउंडेशनची होती, एका संस्थेची, आरोग्याच्या वाटेने गेलेली. नंतर सर्वोच्च न्यायालयात या मुलामुलींचे आईवडील पुढे आले. २०१६ मध्ये नवतेजसिंग जोहर, सुनील मेहरा, रितू दालमिया, अमन नाथ आणि आयेशा कपूर यांनी आपापल्या नावाने, हा कायदा आम्हाला लागू होतो असे सांगून याचिका केली. धाक ज्या गप्पपणावर उभा होता तो न्यायालयाच्या दारातच मोडला. त्याआधीचे ‘आहेतच किती’ हे गणित ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काविषयीच्या पुट्टस्वामी खटल्यातल्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने फेटाळले: संख्या थोडी आहे म्हणून हक्क नाकारता येत नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांनी एकमताने कलम ३७७ चा सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांना लागू होणारा भाग रद्द केला. इतिहासाने या माणसांची माफी मागायला हवी, असे न्या. इंदू मल्होत्रा यांनी त्यात लिहिले.

मग २०२३ मध्ये समलिंगी विवाहाच्या खटल्यात सरकारने नवा आकडा काढला, किंवा जुनाच नव्या वेषात: ही शहरी उच्चभ्रूंची मागणी आहे. मोर्चे शहरांत निघतात हे खरे, कारण गावात ओळख लपत नाही. पण डिसेंबर १९८७ मध्ये लीला नामदेव आणि ऊर्मिला श्रीवास्तव यांनी एकमेकींशी लग्न केले, त्या भोपाळच्या पोलीस दलातल्या साध्या शिपाई होत्या. बातमी फुटली आणि दोघींची नोकरी गेली. त्यांना झेंडा माहीत नव्हता. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी उच्चभ्रूपणाचा हा दावा खोडून काढला. तरी विवाह हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायाधीशांचे एकमत झाले आणि नागरी सहजीवनाला मान्यता देण्याचा प्रश्न तीन विरुद्ध दोन असा फसला. उरले ते मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे गेले.

त्या समितीनंतर, २०२४ च्या उन्हाळा-पावसाळ्यात, केंद्राने काही खुलासे केले. समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडायला आणि एकमेकांना नामनिर्देशित करायला आडकाठी नाही. शिधापत्रिकेसाठी त्यांना एकाच कुटुंबात धरावे. आरोग्य मंत्रालयाने राज्यांना लिहिले की जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर मृतदेह ताब्यात घेण्याची सोय जोडीदाराला असावी. दत्तक, वारसा, निवृत्तिवेतन यांचे रकाने अजून नवरा आणि बायको याच दोन नावांनी भरले जातात.